सिटक्सिमॅब : घशाच्या कर्करोगावरील एका महागड्या औषधाचे परीक्षण

घशाच्या कर्करोगात किरणोपचाराच्या जोडीला द्यायच्या औषधांमध्ये ‘अर्बिटक्स’ या नावाने मिळणाऱ्या सिटक्सिमॅबचा उल्लेख हमखास होतो आणि ‘हे किमोपेक्षा सौम्य आहे’ एवढे ऐकूनच अनेक कुटुंबे पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. औषध विचारपूर्वक घडवलेले आहे, यात वाद नाही. मात्र ज्यांना सिस्प्लॅटिन हे किरणोपचारासोबत दिले जाणारे नेहमीचे किमोचे औषध सोसते, त्यांनी त्याऐवजी हे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या ईजीएफआर प्रथिनावर ते काम करते, ते पेशीपटलात आरपार बसलेले असते. वाढीचा संदेश घेऊन आलेला रेणू त्याच्या बाहेरच्या टोकाला चिकटला की अशी दोन प्रथिने जोडीने एकत्र येतात, आतल्या टोकावरचे टायरोसिन कायनेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि पेशीला विभाजनाचा आदेश मिळतो. डोके व मानेच्या स्क्वॅमस (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींच्या) कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. किरणांच्या माऱ्यानेही ते चेतवले जाते, त्यामुळे बचावलेल्या पेशी डीएनएची दुरुस्ती करून पुन्हा वाढू लागतात. सिटक्सिमॅब बाहेरचे टोकच अडवून धरते, म्हणून किरणोपचारासोबत ते देण्यामागचा तर्क पक्का आहे.

जेम्स बॉनर आणि सहकाऱ्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२४ रुग्ण होते. नुसत्या किरणोपचाराने मध्यक आयुर्मान २९.३ महिने, तर सिटक्सिमॅबसह ४९ महिने मिळाले. आकडे मोठे आहेत, पण तुलना सिस्प्लॅटिनशी नव्हती, ही गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. शिवाय त्यात तोंडाच्या पोकळीचा कर्करोग नव्हता; महाराष्ट्रात तंबाखू आणि गुटख्यामुळे नेमका तोच जास्त दिसतो. पुढे एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात थेट सिस्प्लॅटिनशी तुलना झाली, तेव्हा अमेरिकेतील मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण सिस्प्लॅटिन गटात ८४.६ टक्के, तर सिटक्सिमॅब गटात ७७.९ टक्के निघाले.

सौम्यपणाबद्दलही जपूनच बोलायला हवे. पहिला डोस दोन तासांत सावकाश सोडतात आणि त्याआधी ॲलर्जीरोधक इंजेक्शन देतात, कारण पहिल्याच वेळी रक्तदाब कोसळून श्वास अडकण्याचा धोका असतो. नंतर चेहरा, छाती आणि पाठीवर पिवळसर डोक्यांचे पुरळ उठते, नखांच्या कडा सुजतात, रक्तातील मॅग्नेशियम घसरते. पुरळ जास्त उठलेल्या रुग्णांचे आयुर्मान बॉनर यांच्या चाचणीत अधिक आढळले होते, म्हणून केवळ पुरळाला घाबरून औषध परस्पर थांबवू नये. सिस्प्लॅटिनप्रमाणे मूत्रपिंडाला आणि कानांना इजा करण्याचा दोष याच्यात ठळक नाही, हा त्याचा खरा गुण होय.

मूत्रपिंड किंवा ऐकण्याची शक्ती आधीच कमजोर असेल, तर सिटक्सिमॅबचा विचार जरूर करावा. पण त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी डोसिटॅक्सेल या किमोच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. सिस्प्लॅटिन देता न येणाऱ्या रुग्णांवर मुंबईच्या टाटा मेमोरियलने केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किरणोपचारासोबत दर आठवड्याला या तुलनेने स्वस्त औषधाचा छोटा डोस दिला असता दोन वर्षांनी ५०.८ टक्के रुग्ण जिवंत होते. नुसत्या किरणोपचाराने हे प्रमाण ४१.७ टक्के होते.