इंग्रजी संवादात ‘सेड’ पुरेसे आहे, की क्रियापद बदलत राहावे?

इंग्रजीत कथा लिहू लागलेल्या मराठी लेखकाला पहिल्याच लांब संवादात एक पेच पडतो. पान लिहून झाले की ‘ही सेड’, ‘शी सेड’ ही जोडी दहा-बारा वेळा दिसते आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, ही अंगवळणी पडलेली शिस्त अस्वस्थ करू लागते. या अस्वस्थतेचे एक मूळ व्याकरणाच्या तासात आहे. प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करताना उद्गार आला की ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ लिहायचे, हे आपण इतक्यांदा गिरवलेले असते की संवादाचे क्रियापद ही भावना सांगण्याचीच जागा आहे, असा समज पक्का होतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या वर्गातही ‘सेड इज डेड’ अशा मथळ्याचे, पर्यायी क्रियापदांनी भरलेले तक्ते लावले जातात. याच्या नेमके उलट मत अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मांडले: संवादाला ‘सेड’ सोडून दुसरे क्रियापद कधीही लावू नये.

माझा कल लेनर्ड यांच्याकडे आहे, पण त्यांच्या ‘कधीही’कडे नाही.

‘सेड’चा मोठा गुण असा की वाचकाची नजर त्यावर अडत नाही, कोण बोलले एवढे टिपून ती पुढे सरकते. त्यामुळे लेखकाला जी पुनरुक्ती खुपते, ती वाचकाला बहुधा जाणवतही नाही. अपवाद मोठ्याने वाचण्याचा. ध्वनिपुस्तकात तोकड्या वाक्यांमागून येणारे ‘सेड’ कानाला टोचते; पण तिथेही दोष क्रियापदाचा नसून संख्येचा असतो. दोनच माणसे बोलत असतील, तर चार-पाच वाक्ये कोणतेही क्रियापद न लावता नीट चालतात. तीन माणसे आली की मात्र ही सोय संपते.

बदलत्या क्रियापदांचे काय होते, ते एका छोट्या प्रसंगात पाहू. सोयीसाठी पात्रांचे बोलणे मराठीत ठेवले आहे.

“तू ते पत्र उघडलंस,” ही ॲक्यूज्ड.
“मी हातसुद्धा लावला नाही,” शी डिनाइड.
“मग पाकीट फाटलं कसं?” ही डिमांडेड.
“मला माहीत नाही,” शी रिप्लाइड.

आरोप, नकार, जाब आणि उत्तर या चारही गोष्टी पात्रांच्या शब्दांतच आहेत. क्रियापदे त्याच पुन्हा सांगतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लेखक मध्ये येऊन उभा राहतो. आता पहिल्या दोन ओळींना साधे ‘सेड’ लावावे, तिसरी मोकळी सोडावी आणि फक्त चौथीला ‘शी व्हिस्पर्ड’ लिहावे. त्या एका शब्दाने प्रसंग पालटतो, कारण आवाज खाली गेला ही माहिती ‘मला माहीत नाही’ या शब्दांत कुठेच नव्हती. निवडीची माझी कसोटी हीच आहे: क्रियापद काढून टाकल्यावर काही हरवत असेल, तरच ते ठेवावे. ‘व्हिस्पर्ड’, ‘शाउटेड’, ‘मटर्ड’ ही आवाजाची क्रियापदे या कसोटीला पुष्कळदा उतरतात. ‘लाइड’सारखे, म्हणजे पात्र खोटे बोलले असे सांगणारे क्रियापदही उतरते, कारण त्याने वाचकाला पात्राच्या शब्दांपलीकडचे कळते. ‘एक्स्क्लेम्ड’ क्वचितच उतरते.

तिसरा मार्ग क्रियापदाऐवजी कृती देण्याचा. ‘शी टर्न्ड द एन्व्हलप ओव्हर.’ आणि त्यापुढे “मला माहीत नाही.” पाकीट पालथे घालणारा हात वाचकाला दिसतो; ती खोटे बोलते की घाबरली आहे, हे त्याचे त्याने ठरवायचे. मला हा मार्ग सर्वांत समृद्ध वाटतो, पण प्रत्येक ओळीला कोणी पेला उचलू लागले, कोणी खिडकीकडे पाहू लागले, की संवादाचा वेग मरतो. विरामचिन्हाचीही येथे काळजी हवी. कृतीचे वाक्य स्वतंत्र असते, त्यामुळे संवादापासून ते पूर्णविरामाने तोडावे लागते. आपण ‘हसत म्हणाली’ असे लिहितो. त्यातले ‘म्हणाली’ गाळून स्वल्पविरामापुढे ‘शी स्माइल्ड’ लिहिले, की शब्द हसण्यातून उच्चारले गेले असा अर्थ होतो आणि चोखंदळ संपादक तिथे खूण करतो. ‘शी सेड, स्माइलिंग’ हे निर्दोष आहे.

वैविध्याच्या हौसेत व्याकरणही घसरते. ‘टोल्ड’ला कोणाला सांगितले ते लागते, म्हणून नुसते ‘शी टोल्ड’ चालत नाही. ‘टॉक्ड’ आणि ‘डिस्कस्ड’ अवतरणाला जोडताच येत नाहीत.

एकसुरीपणाच घालवायचा असेल, तर शब्दापेक्षा जागा बदलावी. मराठीच्या सवयीने आपण ‘तो म्हणाला’ आधी लिहितो. इंग्रजी कथेत ते बहुतेकदा बोलण्यानंतर किंवा बोलण्याच्या पहिल्या थांब्यावर येते. “हे बघ,” शी सेड, “मला ते पत्र नकोच होतं.” येथे ‘सेड’ने तिला श्वास घ्यायला जागा दिली आणि पुढच्या शब्दांना वजन आले.

हे सारे कथेपुरते झाले. बातमी लिहिणाऱ्याला मात्र मी ‘सेड’च घ्या असे निःशंकपणे सांगेन, कारण तिथे क्रियापद बदलले की निवाडा बदलतो: ‘क्लेम्ड’ने बोलणाऱ्यावर संशय येतो, ‘ॲडमिटेड’ने त्याच्या माथी चूक लागते आणि ‘रिव्हील्ड’ने त्याचे म्हणणे खरे ठरते. शोधनिबंधात उलट वैविध्य आवश्यक असते, मात्र तिथे ही क्रियापदे एकमेकांचे पर्याय नसतात. ‘आर्ग्यूज’ म्हणजे लेखकाने कारणे देऊन बाजू मांडली आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे त्याने ती हातचे राखून सुचवली, एवढा फरक त्या एका शब्दावर उभा असतो.