आधी कोणाचा इतिहास वाचू : अॅथलेटिक बिल्बाओ की रेआल युनियन?

भाच्याने विचारलं, स्पॅनिश फुटबॉलचा सुरुवातीचा काळ समजून घ्यायचाय, कोणत्या बास्क (उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या) क्लबपासून सुरू करू? दोघेही 1929 च्या पहिल्या लीगमधल्या दहा संघांतले.

आधी लीगमधली कामगिरी. बिल्बाओने प्रशिक्षक फ्रेड पेंटलंडच्या हाताखाली 1929-30 चा हंगाम एकही सामना न हरता जिंकला, पुढचाही जिंकला. 1931 मध्ये बार्सिलोनाला 12-1 ने धुतलं, त्यात बिल्बाओच्या एकट्या बाताचे सात गोल! इरूनचा रेआल युनियन पहिल्या श्रेणीत जेमतेम चार हंगाम टिकला. 1932 मध्ये खाली गेला, तो परत आलाच नाही.

पण लीगच्या आधीचं बघितलं तर युनियनही कमी नव्हता. 1915 मध्ये दोन स्थानिक क्लब एकत्र येऊन झालेल्या, फ्रान्सच्या सीमेवरच्या छोट्या गावातल्या या संघाने 1918, 1924 आणि 1927 मध्ये कोपा, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक, जिंकला. मला हे आजही थक्क करतं.

वेळेचं म्हणाल तर बिल्बाओची गोष्ट 1898 पासूनची, अजून चालूच. कधीच खालच्या श्रेणीत न गेलेला क्लब. युनियनचा सुवर्णकाळ दोन-तीन संध्याकाळींत वाचून होईल.

लीग कशी रुजली हे हवं असेल तर बिल्बाओ घे. लीग आल्यावर लहान गावांचं काय झालं हे हवं असेल तर इरून.