ऐकू न येणाऱ्या मुलाच्या घरात: बोलणं, साइन की दोन्ही?

मुलाला ऐकू येत नाही असं निदान झालं की आईवडिलांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, मशीन लावा, स्पीच थेरपी सुरू करा आणि हात अजिबात वापरू देऊ नका. दुसरा म्हणतो, सगळं सोडा, साइन म्हणजे हातांच्या खुणांची भाषा शिका. दोघेही ठाम असतात, दोघांकडे उदाहरणंही असतात. निवड करायच्या आधी या दोन प्रकारच्या भाषा चालतात कशा, ते पाहिलेलं बरं.

साइन म्हणजे हातवारे करून बोललेली मराठी, असा समज अजून पुष्कळ आहे. अमेरिकन भाषाअभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन साइन लँग्वेजचा अभ्यास मांडला. हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल अशा मोजक्या घटकांतून तिचे शब्द घडतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या शब्दांतही अक्षरं अशीच जुळतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर साइन करणाऱ्या माणसाची साइन बोलणाऱ्याच्या बोलण्यासारखीच विस्कटते. आणि साइन जगभर एकच नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी चालते, पण तिथल्या बहिऱ्या माणसांना एकमेकांची साइन समजत नाही.

खरा फरक मांडणीत आहे. बोलताना शब्द एकामागून एक येतात. 'आजीने आईला डबा दिला' यात कोणी कोणाला दिला हे 'ने' आणि 'ला' सांगतात. भारतीय साइनमध्ये आजीला समोरच्या हवेत एक जागा देतात, आईला दुसरी, आणि 'देणे'चा हात पहिल्या जागेकडून दुसरीकडे जातो. प्रत्यय लागतच नाही. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, आणि तो बहुतेक ठिकाणी एकच असतो. 'जागा' आणि मग प्रश्नाची खूण, म्हणजे 'कुठे'. 'वेळ' आणि तीच खूण, म्हणजे 'कधी'. हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न तर चेहऱ्यावरूनच कळतो, त्यामुळे मख्ख चेहऱ्याने साइन केली तर व्याकरणच चुकतं. शिकायला बसलेल्या ऐकणाऱ्या माणसांची अडचण बहुतेकदा इथेच होते, बोटांत नाही.

वेगाचं म्हणाल, तर एक खूण करायला एका शब्दाच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तरी पूर्ण विधान मांडायला दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो, असं बेलुगी आणि फिशर या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवलं. साइनमध्ये बरंच काही एकाच वेळी सांगता येतं: टॅक्सी, तिचं वळण आणि वेग, तिन्ही एकाच हालचालीत.

मुंबईत दोन्हींचे फायदेतोटे रोज दिसतात. समोरासमोरच्या दोन प्लॅटफॉर्मवर उभे राहून, मधून फास्ट लोकल जात नसेल तर, दोन बहिरे मित्र निवांत गप्पा मारतात. आपण तिथे नुसते ओरडत राहतो. पण संध्याकाळच्या गर्दीत एक हात दांडीला आणि दुसऱ्यात बॅग असली की साइनची गोची होते, अंधारात तर ती दिसतच नाही. उलट 'गाडी प्लॅटफॉर्म चारवर येईल' ही घोषणा फक्त कानांसाठी असते. रिक्षावाला, भाजीवाली, दवाखान्यातला काउंटर, सगळे बोलतात, आणि साइनचे दुभाषी फार थोडे. बोलण्याची पोच मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पोच मोजताना आपण बोलणाऱ्यांची डोकी मोजतो. मुलापर्यंत त्यातलं किती पोचतं, हे मोजत नाही. ओठ वाचण्याचंच घ्या. 'पान', 'मान', 'भान' म्हणून आरशात पाहा: तिन्ही सारखे दिसतात. 'क' आणि 'ग' तर ओठांवर येतच नाहीत. ओठ वाचणारं मूल अर्धंअधिक अंदाजावर चालतं आणि संध्याकाळी दमून जातं.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण, लवकर बसलं आणि थेरपी सलग झाली, तर बरीच मुलं छान बोलतात. सगळी नाही. आपलं मूल कोणत्या गटात जाईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तोवर भाषा शिकण्याची पहिली चार-पाच वर्षं सरत असतात. म्हणून 'आधी बोलणं येतं का पाहू, नाही आलं तर साइन' हा क्रम मला घातक वाटतो. साइन शिकली की मूल बोलणार नाही, ही भीती जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलानच्या परिषदेत बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांनी शाळांतून साइन हद्दपार करायचं ठरवलं, त्याच दशकात मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, आणि बोलण्याचाच आग्रह आपल्याकडेही पुढे कित्येक वर्षं टिकला. प्रत्यक्षात बहिऱ्या आईवडिलांची बहिरी बाळं बोबडे बोल हातांनी करतात, हे १९९१ मध्ये नोंदवलं गेलं आहे. भाषेला सुरुवात हवी असते, मग ती हातांतून झाली तरी.

माझं मत दोन्हींच्या बाजूने आहे, पण एक अट घालून: दोन्ही एकाच श्वासात नकोत. तोंडाने मराठी बोलत सोबत खुणा जोडत गेलं, की खुणा मराठीच्या क्रमात बसतात, निम्म्या गळतात आणि मुलाला धड कोणतीच भाषा मिळत नाही. साइन करताना साइन करा, बोलताना बोला. लिहिलेली मराठी मुलाला दुसरी भाषा म्हणून शिकावी लागेल. साइनमध्ये क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे 'तो आला, ती आली' यावर वेगळा वेळ द्यावा लागतो.

सुरुवात कुठे करायची? श्रवण तपासणी आणि थेरपीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. खुणा पाहायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. २०२१ मध्ये त्यात १०,००० नोंदी झाल्या. मात्र शब्दकोशातून भाषा येत नाही. शिकवणारी व्यक्ती स्वतः बहिरी असेल तर उत्तम, आणि वर्गाला आईबरोबर बाबा आणि आजीही जायला हवेत. नाहीतर घरात मुलाची एकच दुभाषी उरते आणि जेवणाच्या ताटावरच्या गप्पा तिला रोज उरकून सांगाव्या लागतात.

शाळा बघायला गेलात तर मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. मुलं आपसात कशी बोलतात ते पाहा, आणि मग शिक्षक त्यांना त्याच भाषेत गणित समजावू शकतात का, हे वर्गात बसून बघा.