हस्कीचा उन्हाळा: नागपुरात कूलर, ठाण्यात एसी

मार्च लागला की हस्की, म्हणजे थंड प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा, पाळणाऱ्या घरांत तीच चर्चा सुरू होते. एसी घ्यायचाच का, की कूलरवर भागेल? केस बारीक करून टाकावेत का? टब, कूलिंग मॅट, ओलं जॅकेट, यांतलं नक्की काय लागतं? मी नागपुरात राहते आणि माझ्याकडे हस्की आहे. त्याच्याच वेतातला दुसरा कुत्रा ठाण्याला माझ्या मावसबहिणीकडे आहे. जात एक, आईबाप एक, तरी दोन्ही घरांत उन्हाळ्याची सोय अगदी वेगळी करावी लागते. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी आपल्या गावची हवा कोरडी की दमट, एवढं आधी पाहा. बाकीचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

कारण असं. माणूस अंगभर घाम येऊन गार होतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि त्याने अंग गार होण्याइतका फरक पडत नाही. त्याची सगळी भिस्त धापांवर असते. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याचं पाणी उडून जातं आणि सोबत उष्णता नेतं. हवा कोरडी असेल तर हे पाणी भराभर उडतं. हवा आधीच ओलीगच्च असेल तर तो कितीही धापा टाकू दे, हाती फारसं लागत नाही. उलट धापा टाकण्याच्या कष्टानेच अंग आणखी तापतं. ठाण्याचे ३४ अंश नागपूरच्या ४४ अंशांपुढे सौम्य वाटतात, पण कुत्र्याच्या दृष्टीने ते तितकेसे सौम्य नाहीत.

कूलर की एसी

नागपुरात मे महिन्यात दुपारी ४४-४५ अंश आणि आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास, हे नेहमीचंच. अशा हवेत जाळ्या नीट भिजत असलेला चांगला डेझर्ट कूलर २८ ते ३० अंशांची हवा देतो, आणि तेवढ्यात निरोगी हस्की दुपारभर शांत झोपतो. कूलरला वीज साधारण २०० वॅट लागते, म्हणजे पाच तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी भर उन्हात तासाला एक ते दीड युनिट घेतो. किमतीतही कूलर एसीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात येतो. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहत असाल तर आधी कूलर घ्या, हे मी बिनदिक्कत सांगेन.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा हवा, आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात आतली हवा दमट होते आणि सगळा फायदा जातो. दुसरं, हंगामाच्या सुरुवातीला जाळ्यांमधलं गवत बदला. कडक झालेलं, क्षार धरलेलं गवत पाणी धरत नाही.

तोच कूलर ठाण्याला नेला तर? तिथे मे महिन्यात ३३-३४ अंश आणि आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्के. हवेत पाणी सामावायला जागाच कमी, त्यामुळे तापमान तीन-चार अंशांनी उतरतं आणि दमटपणा मात्र खूप वाढतो. कुत्र्याच्या धापांना जी कोरडी हवा हवी तीच आपण हिरावून घेतो. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या सगळ्या पट्ट्यात हस्कीसाठी कूलर घेऊ नका. तिथे एसीच हवा, कारण एसी हवेतलं पाणीही काढून टाकतो. अठरावर लावायची गरज नाही. २४ ते २६ अंश आणि सोबत पंखा पुरतो.

पुणे आणि नाशिकचं गणित मधलं आहे. एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी असते तोवर कूलर चांगला चालतो. वळवाचे ढग जमायला लागले की त्याचा जोर उतरतो, पण तोवर पाराही उतरू लागलेला असतो. तळमजल्यावरचं, झाडांच्या सावलीतलं घर असेल तर कूलर आणि पंखा पुरेल. वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या स्लॅबखाली राहत असाल तर मी एसीकडे झुकेन.

आणि नागपूरकरांनी हेही लक्षात ठेवावं की नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, संपला म्हणजे सुटलो असं नाही. जूनअखेरीस पाऊस सुरू झाला, चार दिवसांची उघडीप पडली की जो उकाडा होतो, त्यात कूलर ठाण्यासारखाच निकामी ठरतो. तेव्हा त्यातलं पाणी बंद करून नुसता पंखा म्हणून चालवायचा. परवडत असेल तर निजायच्या खोलीत एक टनाचा एसी त्या दिवसांसाठी असू द्यावा.

लाईट जाण्याचाही विचार खरेदीच्या वेळीच करायला हवा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, बऱ्याचदा कूलरही चालतो, एसी चालत नाही. एसीच्या बंद खोलीत कुत्र्याला ठेवून सगळे कामावर गेले आणि वीज गेली, तर ती खोली हळूहळू तापत जाते आणि त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून एसी असला तरी खोलीचं दार आतून ढकलता येईल असं लोटलेलं ठेवा, फरशीवर पाण्याची दोन भांडी ठेवा आणि दुपारी कुणीतरी डोकावेल अशी सोय करा.

केस कापावेत की विंचरावेत

इथे मला काहीच शंका नाही. विंचरावेत. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि खाली लोकरीसारखा मऊ थर. थंडीत ऊब देतो तो खालचा थर, आणि तो वसंतात आपोआप सुटायला लागतो. वरचे केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. मशीन फिरवली की हा आडोसाच जातो, फिकट कातडी उन्हात भाजते. शिवाय थंड प्रदेशातल्या जातींमध्ये एकदा मुळापासून कापलेले केस महिनोन् महिने न येणं किंवा ठिगळं पडून येणं हा प्रकार डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. जखम, त्वचेचा आजार किंवा शस्त्रक्रिया असेल तरच आणि डॉक्टर सांगतील तेवढेच कापावेत.

विंचरणं म्हणजे वरवर ब्रश फिरवणं मात्र नव्हे. मांडीच्या मागच्या बाजूला केस सर्वांत दाट असतात. तिथे डाव्या हाताने वरचे केस उलटे दाबून धरायचे, भांग पाडल्यासारखी गुलाबी कातडी दिसू द्यायची आणि लांब दात्यांचा कंगवा त्या रेषेखालून हलक्या हाताने ओढायचा. एका ओढीत मूठभर पांढरी लोकर कंगव्यात येते. मग बोटभर वर सरकून पुढची रेष. मान, कानांमागे आणि शेपटीच्या बुडाशी हेच. फेब्रुवारी ते एप्रिल एक दिवसाआड अर्धा तास बसलात तर मे महिन्यात पंख्याचा वारा कातडीपर्यंत पोचतो. माझ्या मते कूलर-एसीच्या खालोखाल सगळ्यात मोठा फरक याच कामाने पडतो, आणि खर्च एका कंगव्याचा.

टब, जॅकेट, मॅट, फरशी

टब घ्या. लहान मुलांचा उथळ टब, त्यात घोटाभर पाणी, सावलीत. पोट आणि जांघांत केस विरळ असतात, तिथून उष्णता लवकर जाते, त्यामुळे तो नुसता त्यात बसला तरी गार होतो. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात मात्र नंतर टॉवेलने आणि पंख्याखाली आतला थर पूर्ण वाळवा, नाहीतर ओल्या लोकरीखाली कातडी चिघळते.

ओलं जॅकेट आखूड केसांच्या कुत्र्याला जास्त उपयोगी. हस्कीच्या दाट केसांवरून त्याचा गारवा आत कमीच पोचतो, आणि दमट हवेत ते वरून घातलेल्या जादा कपड्यासारखं होतं. मी त्यावर पैसे घालणार नाही. जेलची मॅट थोडा वेळ बरी वाटते, मग अंगाइतकीच गरम होते, आणि चावऱ्या पिल्लाने फाडली तर आतलं जेल पोटात जाण्याची भीती. घरात शहाबादी, कडप्पा किंवा कोटा फरशी असेल तर मॅटची गरजच नाही. सावलीतल्या फरशीचा एक कोपरा ओल्या फडक्याने पुसून त्याच्यासाठी मोकळा ठेवा.

सकाळ की संध्याकाळ

ऊन कलल्यावर फिरवणं सोयीचं वाटतं, पण डांबर दिवसभर पितं ती उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. उन्हाळ्यात खरं फिरणं पहाटे पाचला, तेही मातीच्या मैदानात किंवा हिरवळीवर. रात्री फक्त शी-शूपुरतं न्यावं. हस्की ओढगाडीचा कुत्रा, सायबेरियातल्या चुकची लोकांनी लांब पल्ल्यासाठी घडवलेला. दमला तरी तो स्वतःहून थांबेलच असं नाही, थांबवायचं आपण. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अभ्यासातही कुत्र्यांच्या उष्माघाताचं सर्वांत मोठं कारण व्यायाम हेच दिसलं आहे. उरलेली मस्ती घरात जिरवा: लपवलेला खाऊ शोधायला लावा, ताकाचा बर्फ चाटायला द्या.

आधी दवाखाना की आधी पाणी

आधी पाणी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं तर काळजी, १०६ म्हणजे जिवावर बेतलेलं. थांबत नसलेल्या धापा, गर्द लाल हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या, उलटी, यांतलं काही दिसलं की सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगभर ओता, केसांत बोटं घालून ते कातडीपर्यंत पोचवा आणि पंखा लावा. टाकीतलं पाणी दुपारी तापलेलं असतं, तेव्हा माठातलं किंवा फ्रिजमधलं घ्या. गार पाण्याने धक्का बसतो ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. अंगावर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो लवकरच गरम होऊन उष्णता अडवतो. ताप १०३.५ पर्यंत उतरला की पाणी थांबवा. तो सावरलेला दिसला तरी दवाखान्यात न्याच, कारण मूत्रपिंडांना किंवा रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा एक-दोन दिवसांनीही उघड होऊ शकते.

अजून पिल्लू आणलेलंच नसेल तर

दिवसभर घर रिकामं, एसी नाही आणि राहणं किनारपट्टीवर, असं असेल तर हस्की आणू नका. सेंट बर्नार्ड तर मुळीच नको. त्याचं वजन साठ-सत्तर किलोच्या पुढे जातं, आणि एवढा मोठा देह एकदा तापला की हस्कीपेक्षा कितीतरी सावकाश निवतो. उंच, चपळ, धावणारा कुत्रा हवा असेल तर आपल्या दख्खनचा कारवान किंवा पश्मी पाहा. सडपातळ अंग, इथल्याच उन्हात वाढलेल्या पिढ्या. फिरवायला त्यालाही पहाटे उठावं लागेल, पण दुपारी पंखा आणि सावली यांवर तो मजेत राहतो.