घर बांधून १४ महिने झाले: नळ, फरश्या आणि आमचं बोअरचं पाणी

बार्शीजवळ ९५० स्क्वेअर फुटाचं टू बीएचके, फक्त ग्राउंड फ्लोअर. वास्तुशांती होऊन १४ महिने झाले, म्हणजे दोन उन्हाळे आणि एक पावसाळा काढून झालाय. स्लॅब पडेपर्यंत बजेट ताब्यात होतं, खरी गळती फिनिशिंगला सुरू झाली. फरश्या, नळ, दारं, रंग, ओटा मिळून साडेचार लाख धरले होते, गेले पाच लाख ऐंशी हजार. आणि एवढं घालूनही काही गोष्टी चुकल्याच, कारण घेताना आम्ही सगळं दुकानदारालाच विचारत बसलो, आणि शोरूममधल्या नळांना पाणीच नसतं हो, ते बोर्डावर कोरडेच चमकत असतात.

आमचं पाणी बोअरचं, क्षाराचं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. हे माहीत असून मी मास्टर बेडरूमच्या बाथरूमला काळपट ग्रे मॅट टाईल्स लावल्या, मोबाईलवर फोटो बघून. बायको क्रीम म्हणत होती. पंधरा दिवसांत शॉवरखालच्या भिंतीवर पांढरे ओघळ दिसायला लागले, चुन्याचं पाणी ओतल्यासारखे, आणि मॅट असल्यामुळे पुसले तरी वाळल्यावर परत तेच. कॉमन बाथरूमला पैसे संपत आले म्हणून ३८ रुपये फुटाच्या साध्या ग्लॉसी क्रीम टाईल्स टाकल्या, पाणी तेच, आणि ती बाथरूम आजही पाहुण्यांना दाखवण्यासारखी आहे. मॅट फक्त खाली पाहिजे, पाय घसरू नये म्हणून. भिंतीला नको.

त्या ओघळांवर मी एकदा ॲसिड मारलं. डाग गेले, पण खालच्या नळाची चकाकीपण गेली आणि टाईल्सच्या सांध्यात भरलेलं सिमेंट ग्राउट भुसभुशीत झालं. इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट महाग म्हणून टाळलं होतं, दोन बाथरूमचे मिळून चारपाच हजार वाचवले असतील, आता ते सांधे बघितले की वाईट वाटतं. हल्ली लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून पुसतो, तेवढ्याने चालतं.

नळांचं सांगायचं तर आतलं पितळ आणि बाहेरचा आकार यात मी आकाराला भुललो. चौकोनी, धबधब्यासारखं पाणी पडणारा बेसिनचा नळ घेतला, त्याच्या रुंद तोंडाच्या कडेला क्षार साचून आता निम्मंच पाणी येतं, तेही वाकडं. किचनला मात्र साधा क्वार्टर टर्नचा, म्हणजे पाव फेऱ्यात उघडणारा पितळी नळ, पुढे जाळी असलेला. दीडेक महिन्याने धार फाटायला लागली की ती जाळी हाताने फिरवून काढायची, आत साखरेच्या दाण्यासारखे पांढरे खडे अडकलेले असतात, वाटीत लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर टाकायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासली की नवी. मागच्या मोरीला आणि अंगणात पीटीएमटीचे म्हणजे ते प्लॅस्टिकचे नळ, दोनशेच्या आतले. एकही गळला नाही, त्यांना कशाचं कौतुक नाही आणि काही होतही नाही.

रेन शॉवर घेऊ नका, एकमजली घर असेल तर तरी. आमची टाकी स्लॅबवर चार फुटी स्टँडवर आहे, शॉवर सात फुटांवर, म्हणजे मध्ये जेमतेम सात फुटांचा दाब. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर मिळतं, आम्हाला ०.२ बार. आठ इंची शॉवर त्याच्यावर नुसता रडतो. प्रेशर पंप बसवता येतो पण तो खर्च वेगळा, लाईट गेली की परत तेच. आम्ही सगळे बादलीनेच अंघोळ करतो आणि शॉवर पाहुण्यांसाठी आहे.

सगळ्यात महागात पडली ती अँगल कॉकची, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी जागेवरच बंद करायच्या छोट्या कॉकची काटकसर. बेसिनखाली, कमोडला, गिझरला असे नऊ कॉक लागतात, प्लंबर म्हणाला सव्वाशेवाले चालतात, मी म्हटलं चालू दे, कुणाला दिसतंय. सात महिन्यांनी रात्री अकराला कमोडच्या जेटचा पाईप सुटला, कॉक बंद करायला गेलो तर तो हातातच आला. वरचा मेन वॉल्व्ह शोधायला टॉर्च घेऊन गच्चीवर जाईपर्यंत पॅसेजमध्ये पाणी, आई चादरी टाकतीये. आता पितळीच बसवतोय, एकेक करून.

कमोडची गंमत वेगळी. मिस्त्रीने ड्रेनेजचं अंतर विटांच्या भिंतीपासून नऊ इंच धरलं, त्यावर गिलावा आणि टाईल मिळून दीड इंच चढलं, उरले साडेसात. पसंत केलेला कमोड बसेना, परत केला, जो बसला तो घेतला. माप तयार भिंतीपासून लागतं हे कुणी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

ढाळाचं पण तसंच. फरशी बसल्यावर मी विचारलं तर मिस्त्री, "भाऊ, ढाळ दिलाय की, जातंय पाणी." जातं, पण नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे नाही, दाराकडच्या कोपऱ्यात. रोज वायपर मारावा लागतो. टाईलखालचा माल ओला असतानाच एक बादली ओतून बघितली असती तर त्याच दिवशी उचलून घेता आली असती.

हॉलला २ बाय २ फुटाची डबल चार्ज, म्हणजे वर रंगाचा जाड थर असलेली फरशी घेतली, फुटाला ४८. सगळे २ बाय ४ घ्या म्हणत होते, पण ती भिंतीला काटकोन नसला की लगेच चुगली करते आणि कापताना वाया जास्त जाते. हीच बरी निघाली. फक्त दोन बॉक्स कमी पडले, नंतरचे आले ते दुसऱ्या बॅचचे, शेड किंचित पिवळी. बॉक्सवर बॅच नंबर असतो, तो मी वाचलाच नव्हता. त्या फरश्या बेडखाली बसवल्या, झाकून गेलं.

ओट्याला जेट ब्लॅक ग्रॅनाइट, हळद लागली तरी पुसून जाते, पण क्षाराचे डाग इथेही, सिंकच्या कडेला. कप्प्यांना कडप्पा टाकून ट्रॉल्या नंतर करू म्हटलं, अजून केल्या नाहीत आणि काही अडलंही नाही. बाथरूमचं दार डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेलं, चौकट ग्रॅनाइटची, पावसाळ्यात फुगलं नाही. रंग आतून एशियन पेंट्सचा ट्रॅक्टर इमल्शन, ठीक.

वायरिंगला मात्र हात आखडला नाही ते बरं झालं, पॉवर पॉइंटला २.५ चौरस मिमीची, एसीला ४ ची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच. मागच्या जुलैत ओल्या भिंतीमुळे तो दोनदा पडला, तेव्हा अण्णा म्हणाले, हे काय सारखं बंद पडतंय, काढून टाक. नाही काढला.

प्लंबर रविवारी येतो म्हणालाय, उरलेले चार कॉक आणि जेट बदलायला. मागच्या रविवारीही येणार होता.