आईला आयटीपीसाठी रिटुक्सिमॅब दिलं: प्लेटलेट वाढल्या, पण न्यूट्रोफिलकडे कोणी बघितलंच नाही

आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार) ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठीच लिहून राहिलो, त्यामुळे प्लेटलेट म्हणजे काय वगैरे सोडतो. आईचं स्टेरॉइड कमी केलं की काउंट परत वीस हजाराच्या खाली यायचा, म्हणून डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सुचवलं. आठवड्याला एक असे चार डोस, नागपूरच्या धंतोलीत. याचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं, स्वस्त औषध) २००७ पासून भारतात मिळतं, म्हणून निदान परवडण्याच्या जवळपास तरी येतं, तरी चार डोसचं बिल पाहून छातीत धस्स होतंच.

पहिल्या डोसला थंडी वाजली, ड्रिप हळू केल्यावर थांबली. पुढचे तीन शांतपणे गेले.

हे औषध बी पेशींवरच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सीडी२० नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि त्या पेशी संपवतं. मग मला वाटलं पांढऱ्या पेशींचा आकडा धडाधड पडणार. झालं उलटं, टीएलसी (पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा) १३,०००! तो स्टेरॉइडचा फुगवटा होता. आणि बी पेशी म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लहानसा हिस्सा, त्या सगळ्या गेल्या तरी साध्या सीबीसीत (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) कळत नाही, त्यासाठी सीडी१९ (बी पेशींवरचंच दुसरं प्रथिन) ची वेगळी महागडी टेस्ट लागते. इकडे प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या, स्टेरॉइड बंद झालं. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग पावसाळ्यात ताप आला, तोंडात फोड आले. नागपुरात पावसाळ्यात ताप म्हणजे सगळे डेंग्यूच म्हणतात, पपईच्या पानाचा रस आणून देणारेही आले. पण प्लेटलेट १.४ लाख, एकदम मस्त! पूर्ण सीबीसी केल्यावर दिसलं, टीएलसी २१००, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २४ टक्के. गुणाकार करा, ५०४. ५०० च्या आसपास न्यूट्रोफिल आणि वरून ताप, म्हणजे घरी थांबायचंच नाही. त्याच रात्री ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, न्यूट्रोफिल वाढवायचं इंजेक्शन. आई म्हणे, "काहून रे इतकं रक्त काढून राहिले बाप्पा?"

याला लेट ऑनसेट न्यूट्रोपेनिया (उशिरा न्यूट्रोफिल घटणं) म्हणतात, शेवटच्या डोसनंतर महिनाभराने, कधी कित्येक महिन्यांनी येतो. न्यूट्रोफिलवर सीडी२० नसतंच, म्हणजे औषध त्यांना थेट मारत नाही. एक अंदाज असा की बोन मॅरो बी पेशी परत बनवायला लागतो तेव्हा न्यूट्रोफिलचं काम मागे पडतं. बऱ्याच जणांचं आपोआप सुधारतं, आईचंही सुधारलं.

माझा राग औषधावर नाही, फॉलोअपवर आहे. डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं "दर पंधरा दिवसांनी प्लेटलेट काउंट", लॅबनेही तेवढंच केलं. डिफरन्शियलसकट (पांढऱ्या पेशींची प्रकारवार टक्केवारी) सीबीसी केली असती तर फरक शंभर-दोनशे रुपयांचा, आणि त्यापायी आईला आयव्ही लावून झोपवायची वेळ आली. इतकं महाग औषध देता, मग एक ओळ लिहायला काय जातं? चार डोसनंतर काही महिने पूर्ण सीबीसीच मागा, आणि टक्केवारी बघून समाधान मानू नका, ॲब्सोल्युट आकडा काढा.

हिपॅटायटिस बी ची टेस्ट पहिल्या डोसच्या आधीच करायची असते, जुना विषाणू जागा होऊ शकतो, ती त्यांनी न विसरता केली, हे मान्य. लसी मात्र आधी घ्यायला हव्या होत्या असं मला नंतर कळलं, कारण बी पेशी नसताना लसीचा फारसा उपयोग होत नाही, त्या परतायला सहा महिने ते वर्ष लागतं.

आता प्लेटलेट १.१ लाख, न्यूट्रोफिल ३००० च्या वर. परत गरज पडली तरी हेच औषध देईन, कारण आईचा चेहरा स्टेरॉइडने किती सुजला होता ते मी पाहिलंय. पाच वर्षांनंतर औषधाशिवाय प्लेटलेट टिकणारे प्रौढ रुग्ण साधारण चार-पाचात एकच, तेही माहीत आहे. दिवाळीआधी सीबीसीसोबत आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी) पण करायला टाकणार आहे, तेही याने कमी होऊ शकतं.