मुंबईच्या आर्ट गॅलऱ्या: धामणगावकडच्या एका पेंटरचा काही महिन्यांचा अनुभव

आधी सांगतो मी कोन, म्हणजे पुढचं कोणत्या नजरेनं लिहिलंय ते समजेल. धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यात माझं पेंटरचं काम आहे. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर नाव आणि मोर, असं सगळं. फ्लेक्स आल्यापासून अर्धं काम गेलं ते वेगळंच. बाबांना गेले काही महिने तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागतं. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते, दवाखान्याचं बहुतेक दुपारपर्यंत आटोपतं आणि परतीची गाडी संध्याकाळी, तर मधला वेळ स्टेशनवर माशा मारत बसण्यापेक्षा आम्ही सामान क्लोकरूमला टाकून काळा घोड्याकडे, म्हणजे गॅलऱ्या आहेत त्या भागात जातो. फोर्टमधून हुतात्मा चौकावरून सरळ पायी. बाबा बसत-उठत चालतात म्हणून आम्हाला वेळ लागतो, तुम्हाला लागणार नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिकीट नाही, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, चप्पल घाला की बूट, कोणी विचारत नाही कुठून आले. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्याकडचे लोक अशा जागी दारातूनच वापस येतात, आपलं काम नाही म्हणतात. अरे बाप्पा, जा ना आत. बाबांना तर पहिल्यांदा फक्त एसी आवडला होता, "थंडं हाय, बसू दे मले" म्हणून बाकावर बसले ते बसलेच.

तिथं बहुतेक प्रदर्शनं आठवड्याभराची असतात त्यामुळे दर वेळी भिंती बदललेल्या दिसतात, पण खरी मजा म्हणजे ज्यानं चित्रं काढली तो माणूस बरेचदा तिथंच खुर्चीवर बसलेला असतो. चहा पीत, मोबाईल पाहत. त्याला जाऊन विचारायचं. मी विचारतो की भाऊ हा खालचा थर कशाचा, वाळायला किती दिवस दिले, कॅनव्हास तयार आणला का घरी ताणला. "यातून तुम्हाला काय म्हणायचंय" असं कोणी विचारलं की त्यांचे चेहरे पडतात, पण थराचं विचारलं की खुलतात, एका बाईंनी तर पिशवीतून सुरी काढून रंग कसा ओढला ते हवेतच करून दाखवलं. अशी गोष्ट मोबाईलवर भेटत नाही. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसतात, समोर बसवून तुमचं चित्र काढून देतात, त्यांचा हातही बघण्यासारखा असतो.

दुसरी जागा एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. जहांगीरवरून थोडं पुढं रिगल सिनेमाकडे, मोठ्या म्युझियमच्या समोरच्या बाजूला. तिकीट भारतीयांना २० रुपये. बिल्डिंग १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, आधी तिथं सभा आणि गाण्याचे कार्यक्रम व्हायचे, १९९६ मध्ये गॅलरी झाली. आत जिन्यानं चढत चढत वर जायचं, शेवटी घुमटाखाली पोचतो आपण. गुडघ्याचा त्रास असलेला माणूस सोबत असेल तर खालचा मजला त्याला दाखवून बसवून द्या आणि तुम्ही वर जाऊन या, मी तसंच करतो. सोमवारी बंद असतं. आणि इथं कायमची लावलेली चित्रं पाहायला मिळतील असं धरून जाऊ नका, प्रदर्शनं बदलत राहतात, कधी मधल्या काळात मांडामांड सुरू असते, तेव्हा निघायच्या आधी चालू काय आहे ते बघून घ्या.

आता मुद्द्याचं. मी आयुष्यभर चौरस फुटाच्या भावानं रंग लावला आणि मोठ्या लोकांची चित्रं कॅलेंडरवर, पुस्तकात, मोबाईलवर पाहिली. त्यात रंग सपाट दिसतो. खरं चित्र सपाट नसतं. जवळ जाऊन, म्हणजे सिक्युरिटीवाला खाकरेल इतकंच जवळ जाऊन, बाजूनं तिरपं पाहिलं की ब्रशच्या केसाच्या रेघा दिसतात, कुठं रंग इतका जाड की सावली पडते, कुठं इतका पातळ की खालचं कापड दिसतं. कुठं चुकून परत काढलंय तेही कळतं. ज्यांचा हात रंगात आहे त्यांनी तरी एकदा तिरपं पाहावं.

वासुदेव गायतोंडे यांचं एक मोठं चित्र एका प्रदर्शनात पाहिलं. माणूस जन्मला नागपुरात, १९२४ ला. मला आधी माहीतच नव्हतं. बाबा म्हणे, "हे तं भितीले ओल आल्यासारखं दिसून रायलं." मी हसलो, पण खरं सांगतो, बाबांचं एकदम बरोबर होतं, तसाच रंग आतून वर आल्यासारखा वाटतो. नंतर वाचलं तर कळलं की ते रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची सुरी, वापरायचे, थर द्यायचे आणि काढायचे. रोलर! आम्ही कंपाउंडच्या भिंतीला मारतो तो. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. त्यांचं एक चित्र २०१५ मध्ये लिलावात २९ कोटींच्या वर गेलं हे सांगितल्यावर मात्र बाबा उठून चित्राच्या मागं काही आहे का ते बघायला लागले.

आणि चित्रकार एम. एफ. हुसेन. ते मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरायचे, म्हणजे आमच्याच लाईनचे. मोठ्या मापावर एका दमात रेघ ओढायची सवय कुठून आली ते पाट्या रंगवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

१९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे नव्या पद्धतीनं काम करणाऱ्या चित्रकारांचा गट काढला. यातले रझा नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेले. आणि हे हरी अंबादास गाडे कोण तर तळेगाव दशासरचे! आमच्या बाजूचं गाव. तळेगाव म्हटलं की आमच्याकडे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत आठवते, आणि तिथला माणूस या यादीत हे मला मुंबईत जाऊन कळावं. बाबांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "कोनत्या गाड्याचा पोरगा रे तो?" मग पूर्ण गाडीभर तळेगावच्या नातेवाइकांची उजळणी चालली. गावात परतल्यावर मी पोट्ट्यांना म्युझियम्स ऑफ इंडियाच्या साइटवर एनजीएमएची चित्रं दाखवली, फुकट आहे, नाव टाकून शोधता येतं. ओळख करून घ्यायला चांगली, पण चित्र खाटेएवढं आहे की वहीएवढं हे त्यातून डोळ्याला कळत नाही.

तक्रारी आहेतच, गॅलरीचं नाव घेत नाही. एका ठिकाणी चित्राखालची माहिती इतक्या बारीक अक्षरात आणि फक्त इंग्रजीत की पाटी रंगवणारा माणूस म्हणून मला लाज वाटली, अरे ज्याला वाचायचंय तो चार फुटांवर उभा आहे. दुसऱ्या एका ठिकाणी काचेवर लाईट असा मारलेला की चित्रात आपलंच तोंड दिसतं. बाकं कमी, पाणी शोधावं लागतं. आणि काही ठिकाणी प्रदर्शनात चित्रकाराची चार पानं माहिती पण रंग कोणता, पाया कोणता याची एक ओळ, "ऑइल ऑन कॅनव्हास", झालं.

जायचं असेल तर डबा सोबत न्या, त्या भागात चहासुद्धा महाग पडतो. बॅग बाहेर ठेवायला सांगतात तेव्हा औषधं आणि रिपोर्ट खिशात काढून घ्या. दवाखान्याची तारीख सोमवारची मिळाली तर जहांगीर उघडी असते. एका दिवशी सगळं पाहायला धावू नका, मी आता दोन-तीन चित्रं ठरवून तेवढ्यासमोरच थांबतो. बाबा सध्या पोर्ट्रेटवर आहेत, नाक कोणाचं नीट जमलं त्याचे मार्क देतात, आणि मागच्या वेळी एका चांगल्या नावाजलेल्या माणसाला त्यांनी नापास केलं.